रेकॉर्डर आणि सीलसाहेब

सीलसाहेबांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता आणि त्यांना पगारच या गोष्टीचा मिळत होता. निवृत्त होईपर्यंत ते वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. कुणी मीटरला बगल देऊन परस्पर तार ओढलीय, कुणी सील तोडून पुन्हा बेमालूम चिकटवलंय, हे हुडकून काढायचं त्यांचं काम. सीलवरून नुसता अंगठा फिरवला की ते कंपनीच्या माणसाने लावलंय की घरमालकाने, हे त्यांना कळायचं. घरमालकिणीने आल्याआल्या पाणी विचारलं तर ते आधी जिन्याखाली बघत. नाही विचारलं तर माळ्यावर. या न्यायाने त्यांनी पुष्कळ चोऱ्या पकडल्या आणि पुष्कळ सरळमार्गी माणसांच्या माळ्यांवर उगीच धूळ उडवली. सीलसाहेब हे नाव कंपनीतल्या लोकांनी ठेवलेलं, पण ते घरापर्यंत आलं. बायको होती तोवर तीही तोंडावर असंच म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ही तपासणी मात्र साहेबांनी कधी केली नाही.

अशा माणसाचं निवृत्तीनंतर काय करायचं? त्यांच्या मुलीने त्यांच्या हाती नात सोपवली. मुलगी इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात होती, जावई बोटीवर नोकरीला. म्हणजे जावई घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात दोघंच: आजोबा आणि ठकी. ठकीला तिसरं लागलं होतं. गालावर खळी, चालताना एक पाय किंचित आत, आणि डोळे असे की समोरच्याने खिशात काय लपवलंय ते दिसावं. साहेबांचा जीव होता तिच्यावर, अगदी वेडा जीव. ती झोपली की ते तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघत. ती जागी असली की तिच्या मागे मागे फिरत. ‘तिकडे जाऊ नको. हात लावू नको. तोंडात घालू नको. पडशील. थांब. सोड ते. दे इकडे.’ घरातले सगळे कोपरे त्यांनी फोम लावून मऊ केले होते आणि सगळ्या कपाटांना कड्या बसवल्या होत्या. ठकीच्या अंगावर एक ओरखडा दाखवा म्हणावं!

पण ठकी बोलायला मागे होती. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, थोडं थांबून बघा. साहेबांची मुलगी काही थांबून बघणाऱ्यातली नव्हती. तिने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कोपऱ्यावरच्या पाळणाघरात चौकशी करून ठेवली. दुसरी म्हणजे विद्यापीठात चाललेल्या एका पाहणीत ठकीचं नाव घातलं.

“बाबा, तिथल्या बाई मुलं बोलायला कशी शिकतात त्याचा अभ्यास करतात,” तिने सांगितलं. “त्यांचं काय म्हणणं येतं ते बघते. इतर मुलांमध्ये ठेवायची गरज आहे असं वाटलं तर सरळ पाळणाघर.”

पाळणाघर म्हटल्यावर साहेबांनी उठून शेजारच्या कपाटाची कडी उगीच एकदा ओढून बघितली. ठकी गेली तर या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी तपासायचं तरी काय?

त्या बाई घरी आल्या. तरुण, चष्मेवाली, आवाज इतका मऊ की साहेबांना तिथेच पहिला संशय आला. तिने ठकीसाठी एक बंडी आणली होती. बंडीला छातीवर खिसा आणि खिशात काड्यापेटीएवढं यंत्र. ठकी घरात जे ऐकेल आणि बोलेल ते त्यात भरणार. आठवड्याने ती येऊन यंत्र बदलून नेणार.

“आणि मग ते कोण ऐकणार?” साहेबांनी विचारलं.

“आमची माणसं ऐकून टाइप करतात, काका. नावं, पत्ते सगळं काढून टाकतो. मग ती वाक्यं आम्ही कॉम्प्युटरला देतो, ठकीने ऐकली त्याच क्रमाने. त्या प्रोग्रामला सुरुवातीला काहीच येत नसतं. अगदी तान्ह्या बाळासारखा कोरा. ऐकून ऐकून त्याला कळायला लागतं की शब्द कसे बदलतात. खातो, खाल्लं, खाणार. आज काय म्हणायचं, काल झालेल्या गोष्टीला काय म्हणायचं. मुलांना हे कुणी शिकवत नाही, तरी येतं. कसं येतं, ते बघायचंय.”

“म्हणजे कॉम्प्युटर आमच्या घरात बसून बोलायला शिकणार.”

“तुमच्या घरातून जे कानावर पडेल त्यावर शिकणार,” ती हसून म्हणाली. “आणि तुम्हाला कधीही नको वाटलं तर सांगा, आम्ही सगळं पुसून टाकू.”

साहेबांनी आयुष्यात इतकी अडाणी थाप ऐकली नव्हती. खाल्लं आणि खाणार एवढं शिकवायला सरकार एका शिकल्यासवरल्या बाईला पगार देतं? कॉम्प्युटरला खायचंय काय? इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. ती गेल्यावर त्यांनी ठेवणीतला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, यंत्र उघडलं, आत भिंगाने पाहिलं. तार बाहेर जात नव्हती. मग त्यांनी ते बंद करून त्याच्या फटीवर गोंदाचा एक पुसट ठिपका लावून ठेवला. कुणी उघडलं तर कळलं पाहिजे. आपण स्वतः ते नुकतंच उघडलं होतं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती.

संशय हा असा पाहुणा आहे की त्याला बसायला जागा दिली की तो अंथरूण मागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीला बंडी घालताना मुलगी म्हणाली, “बाबा, नेहमीसारखंच बोला हं तिच्याशी.” झालं! साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉम्प्युटर वगैरे सगळा बनाव. हे यंत्र ठकीसाठी नव्हतंच, ते त्यांच्यासाठी होतं! आपण ठकीवर ओरडतो का, तिला खायला वेळेवर देतो का, हे मुलीला ऐकायचं होतं. म्हातारा बाप मूल सांभाळायच्या लायकीचा आहे की नाही, याची परीक्षा. चष्मेवाली तिची मैत्रीणच असणार. ज्या मुलीने लहानपणी त्यांचं बोट धरून मीटरच्या खोल्या पाहिल्या, तीच आता त्यांच्यावर मीटर बसवत होती. त्यांना राग आला, आणि रागाखाली भीती वाटली. पाळणाघराचं दार त्यांना कोपऱ्यावर दिसतच होतं.

पहिले काही दिवस ते जपून वागले. म्हणजे गप्प राहिले. पण ठकीच्या मागे फिरताना गप्प राहणं त्यांना कुठलं जमायला? तोंडातून ‘थांब’ आणि ‘नको’ बाहेर पडायचंच, आणि पडलं की ते बंडीच्या खिशाकडे चोरासारखं बघायचे. संध्याकाळी मुलगी घरी आली की तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते शोधायचे. ती जास्त हसली तर हिने ऐकलंय. नाही हसली तर नक्कीच ऐकलंय.

शेवटी त्यांनी ते केलं, ज्यासाठी त्यांनी जन्मभर लोकांना दंड केला होता. त्यांनी मीटरला बगल दिली.

मुलगी कामावर गेली की ते बंडीच्या खिशातून यंत्र काढायचे आणि आपल्या खोलीत रेडिओसमोर ठेवायचे. रेडिओवर बातम्यांचं केंद्र. यंत्र चालू, आवाज भरतोय, कुणाला काय कळतंय? ठकीच्या खिशात त्याच वजनाची रबराची वडी. संध्याकाळी मुलगी यायच्या आधी यंत्र परत जागेवर. बगल देणारी माणसं रात्री शांत कशी झोपतात, याचं साहेबांना पूर्वी नवल वाटायचं. आता कळलं. छान झोपतात.

असं बरेच आठवडे चाललं. चष्मेवाली यायची, यंत्र बदलायची, ठकीला एखादं चित्र द्यायची, जायची. तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नव्हतं, आणि हेच साहेबांना सगळ्यात संशयास्पद वाटत होतं. मग एक दिवस तिचा फोन आला. तिघांनाही विद्यापीठात बोलावलं होतं.

खोली साधीच होती. टेबलावर दोन कॉम्प्युटर, खिडकीतल्या कुंडीत वाळायला आलेलं रोप, जमिनीवर मुलांसाठी चटई आणि कापडी बाहुले. साहेबांनी आधी पंख्याच्या बटणाशेजारची वायर बघितली. ती ठीक होती. मुलगी पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. चष्मेवाली मात्र काहीशी अवघडलेली.

“आम्ही प्रोग्रामला नसलेले शब्द देतो,” ती म्हणाली. “म्हणजे आम्हीच बनवलेले. खरे शब्द कुणी नुसते पाठ करू शकतं. पण जो शब्द कधी ऐकलाच नाही तो बदलता आला, तर समजायचं की रीत कळली. हा आमचा शब्द आहे, टिबणे. त्याला विचारायचं, एक माणूस रोज टिबतो, काल पण त्याने तेच केलं, तर काल काय झालं? इतर घरांचे प्रोग्राम म्हणतात, काल तो टिबला. क्वचित कुणी टिबलं म्हणतो. तुमच्या घरचा बघा काय म्हणतो.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: टिबण्यात आले आहे.

मुलगी वाचून चक्रावली. चष्मेवालीने दुसरा एक खोटा शब्द दिला. पडद्यावर आलं की सदर काम लवकरच केले जाणार असल्याचे सूत्रांनी सांगितले.

“माझ्या मुलीला हे कोण बोलतं?” मुलीने विचारलं.

“तेच मला कळेना. टाइप करणारे नुसती वाक्यं उतरवतात, कोण बोलतंय ते लिहीत नाहीत. कुठल्याच घरात लहान मुलाशी कुणी असं बोलत नाही. म्हणून मी त्या दिवसांचा आवाज स्वतः ऐकला.” चष्मेवालीने साहेबांकडे पाहिलं, पण रागाने नाही. “काका, त्यात ठकी नाहीच. रेडिओ आहे. आणि मधून मधून तुमचं घोरणं.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे सगळे भाव त्यांना तोंडपाठ होते, आणि ते आता एकामागून एक आपल्या चेहऱ्यावरून जाताना त्यांना जाणवत होते. आधी ‘मला काय माहीत’, मग ‘कुणीतरी दुसऱ्याने केलं असेल’, मग राग.

“केलं मी!” ते म्हणाले. “का नाही करणार? माझ्याच घरात माझ्यावर पाळत?”

“तुमच्यावर?” मुलीने विचारलं. “बाबा, तुमच्यावर कशाला पाळत ठेवू मी?”

“मी पोरीला नीट सांभाळतो की नाही ते बघायला. तिला पाळणाघरात टाकायला कारण मिळावं म्हणून.”

 मुलीने पर्सची चेन उघडली आणि परत लावली. तिला हसू येतंय की रडू, ते साहेबांना ओळखता आलं नाही.

“ते दिवस मी काढून टाकलेत,” चष्मेवाली घाईघाईने म्हणाली. “फक्त ठकीच्या अंगावर यंत्र होतं ते दिवस ठेवले. ते थोडे आहेत, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नका. ठकी शनिवार-रविवारी आईशीही बोलते, ते यात फारसं नाही. प्रोग्रामला एवढंच माहीत आहे, जे त्याने ऐकलं. आता त्याला तोच प्रश्न विचारते. काल त्या माणसाने काय केलं?”

पडद्यावर आलं: टिबू नको.

“पुन्हा विचारा,” साहेब म्हणाले.

तिने उद्याचं विचारलं. उद्या तो माणूस काय करणार?

टिबू नको.

“हे तुम्ही शिकवून ठेवलंय त्याला.” साहेब खुर्चीच्या टोकावर आले. तपासणी त्यांना करता येत होती, निदान ती तरी कुणी हिरावून घेतलेली नव्हती. “तुमचा शब्द नको. माझा घाला. गुमटणे! हा तुम्हाला आधी माहीत असणं शक्य नाही. विचारा, परवा आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं?”

चष्मेवालीने तो शब्द टाइप केला. कॉम्प्युटरने थोडा वेळ घेतला. मग उत्तर दिलं: गुमटू नको.

“काहीतरी चांगलं विचारा,” साहेब म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. “असं विचारा, की ती मोठी झाल्यावर... मोठी झाल्यावर ती काय गुमटणार.”

गुमटू नको. आणि त्याच्याखाली, कुणी न विचारता: थांब.

पंखा फिरत होता. चष्मेवाली हळूच म्हणाली, “असं होतं, काका. काल काय झालं, उद्या काय होणार, असं फारसं कानावर पडलंच नाही तर त्याला ते रूप सुचत नाही. मग सगळ्यात जास्त ऐकलेलं असतं तिथे तो जातो. याचा अर्थ ठकीचंही असंच होईल असं नाही. ती माणूस आहे.”

“मग तिला विचारा.” हे साहेबच म्हणाले. त्यांना अजून आशा होती. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हताच. ठकीवर मात्र होता.

चष्मेवाली चटईवर बसली. एक लांब नाकाचा कापडी माणूस हातात घालून तिने त्याला स्वतःच्याच गुडघ्यांवर डोकं आपटायला लावलं. “ठकी, हा बघ, हा टिबतोय. काल पण याने असंच केलं. काल हा काय...?”

ठकीने बाहुल्याकडे पाहिलं. मग मान वळवून आजोबांकडे पाहिलं, परवानगी घेतल्यासारखं. मग तिने बाहुल्यासमोर तर्जनी उभारली, भुवया जवळ आणल्या आणि बजावलं, “टिबू नको! पडशील!”

बोट साहेबांचं होतं. भुवयाही त्यांच्याच. चष्मेवालीला हसू आलं, ते तिने आवरलं. साहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिला धक्काही बसलेला दिसत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

“बाबा, मला यात नवीन काही नाही,” ती म्हणाली. “मी मोठी झाले तेव्हा फक्त यंत्र नव्हतं.”

ती हे रागाने म्हणाली असती तर साहेबांकडे उत्तर होतं. तुला कधी काही झालं का? पडलीस का? भाजलीस का? पण ती साधेपणाने म्हणाली, जेवण झालंय असं सांगावं तशी, आणि ठकीचे बूट शोधायला वाकली. साहेब तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले. या पाठीला त्यांनी कधी ‘शाब्बास’ म्हणून थोपटलं होतं का, ते त्यांना आठवेना. सरळ बस म्हणून थोपटलेलं आठवत होतं.

“पुसायचं असेल तर पुसते सगळं,” चष्मेवाली दारापर्यंत आली तेव्हा म्हणाली. “मी शब्द दिला होता.”

“राहू द्या,” साहेब म्हणाले. “खरं मोजलंय त्याने.”

घरी येईपर्यंत कुणी पाळणाघराचा विषय काढला नाही. मुलगी तिच्या डोक्यात गणित करत असणार, असा साहेबांना संशय होता, आणि या वेळी तो बहुधा बरोबर होता. ती कपडे बदलायला आत गेली. ठकी बाहेरच्या खोलीत चमचा आणि वाटी घेऊन जमिनीवर बसली होती. साहेबांनी मनाशी ठरवलं. त्यात कठीण काय होतं? बोलायचंच होतं. माणसं बोलतातच की. ते गुडघे धरून तिच्यासमोर खाली बसले, इतके जवळ ते फक्त तिच्या हातातून काहीतरी काढून घ्यायला बसत. त्यांनी घसा साफ केला. पूर्वी कधीतरी घडलेलं, गमतीचं, तिला आवडेल असं काहीतरी शोधायला लागले. एका घरी मीटरच्या पेटीत मांजरीने पिल्लं घातली होती. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी ती पेटी तपासली नव्हती. बघून झाकण हलकेच लावून घेतलं होतं.

“ठकी,” ते म्हणाले, शक्य तितक्या मऊ आवाजात, “एकदा ना, मी एका घरी गेलो होतो. तिथे एक पेटी होती. ती मी उघडली, आणि आत काय होतं, सांग बरं? आत काय सापडलं मला?”

ठकीचा चमचा थांबला. आजोबा इतका वेळ एका दमात तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. डोळ्यांत, मग ओठांकडे, मग पुन्हा डोळ्यांत. पुढे काय येणार याचा अंदाज घेत असल्यासारखं. मग तिने चमचा खाली ठेवला, वाटी दूर सरकवली आणि दोन्ही हात पुढे करून त्यांना पालथे-उताणे करून दाखवले.

“मी नाही घेतलं,” ती म्हणाली.

तिचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं, आणि त्यात काल झालेल्या गोष्टीचं रूप अगदी बिनचूक होतं. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांना फक्त ते दोन तळहात दिसत होते, स्वच्छ, रिकामे, त्यांच्या तपासणीची वाट बघणारे. त्यांनी ते आपल्या हातांत घेतले आणि त्यांच्याकडे बघवेना म्हणून मिटून टाकले.

आतून मुलीने विचारलं, “काय झालं?”

“पाळणाघराला फोन लाव,” सीलसाहेब म्हणाले. “सकाळची जागा आहे का विचार. आणि असं विचार, की आजोबांना तिथे एका कोपऱ्यात बसून ऐकायला चालेल का.”